३ डिसेंबर १९७१ : रेडिओचा तो दिवस आपण मिळून लावूया का?

जुनी_तबकडी

मंडळी, नमस्कार. सध्या मी जुनी अमेरिकन रेडिओ रेकॉर्डिंग ऐकतोय. ६ जून १९४४, म्हणजे दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तो दिवस, तिथल्या रेडिओवर जसा गेला तसा जवळजवळ सलग ऐकायला मिळतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर आधी जर्मनांच्या हवाल्याने बातमी येते, निवेदक दर वेळी बजावतो की आपल्या बाजूने अजून दुजोरा नाही, मग त्यांच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास दोस्तांचे सरसेनापती आयसेनहॉवर यांच्या मुख्यालयाचं अधिकृत निवेदन, आणि दिवस उजाडला की रोजच्या मालिका, गाणी, मधेच प्रार्थना, मधेच बातम्या, रात्री दहाला रूझवेल्टने सगळ्या देशाबरोबर केलेली प्रार्थना. मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्या मधल्या तासांनी. मोठी भाषणं कुठेही सापडतात हो, पण घरात बसलेल्या माणसाला युद्ध समजलं ते भाषणांच्या मधल्या त्या लांबलचक दिवसातून, असं माझं ठाम मत झालंय.

मग वाटलं आपला असा दिवस आठवणी जोडून आपणच का लावू नये. ३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, आग्रा वगैरे ठिकाणच्या विमानतळांवर हल्ले केले, इंदिराबाई तेव्हा कलकत्त्याला होत्या, त्या रात्री दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्रीनंतर आकाशवाणीवर बोलल्या. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे आपल्याकडे हे युद्ध घराघरात पोचलं ते रेडिओवरूनच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरच्या आधी फक्त तो होता.

तर ज्यांना आठवतंय त्यांनी लिहा, ज्यांनी आईवडिलांकडून ऐकलंय त्यांनीही लिहा. रेडिओवर काय लागायचं, घरात काय चालायचं, आणि लोक त्यावर किती विश्वास ठेवायचे?

चकलीबाई

काय सुंदर धागा! मी तेव्हा सातवीत, दादरला चाळीत राहायचो आम्ही. आमच्याकडे मोठा मर्फी होता, व्हॉल्व्हवाला, बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही, आधी तो तापायचा, हिरवा डोळा उजळायचा आणि मग आवाज. त्या दिवसांत बाबा बातम्यांच्या पाच मिनिटं आधीच तो लावून ठेवायचे. काळोखाचा हुकूम आल्यावर खिडक्यांना खाकी कागद चिकटवले, दिव्याला कागदाचा शंकू केला आणि आईने रेडिओच्या डायलवरसुद्धा टॉवेल टाकला, कारण डायलचा दिवा बाहेरून दिसेल अशी तिला भीती. टॉवेलातून बातम्या ऐकायच्या आम्ही.

आणि दत्तजयंती नुकतीच होऊन गेलेली, चंद्र टपोरा! आमचे वॉर्डन काका खालून ओरडायचे "लाईट बंद करा, दुसरा मजला, लाईट!" तर वरच्या मजल्यावरचा एक पोरगा ओरडला, "काका, आधी चंद्राला सांगा!" अख्खी चाळ हसली, वॉर्डन काकासुद्धा. इतक्या वर्षांनी बहिणी भेटलो की आजही हे निघतंच.

रानवारा

मस्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

निळी_शाई

मध्यरात्रीचं भाषण माझ्या वडिलांनी ऐकलं होतं. ते सांगायचे की रात्री रेडिओवरून सारखं सांगत होते, पंतप्रधान राष्ट्राला उद्देशून बोलणार आहेत, आणि वेळ तर पुढेच जात होती, शेवटी बारा वाजून गेले. बाई बोलल्या तेव्हा आवाज अगदी संथ. आजपर्यंत जे बांगलादेशातलं युद्ध होतं ते आता भारतावरचं युद्ध झालंय, असं त्या म्हणाल्या. ओरडणं नाही, धमक्या नाहीत. वडील सरकारी नोकरीतले, ते म्हणायचे की तो आवाज ऐकला आणि मग झोप लागली. एरवी युद्ध सुरू झाल्याची बातमी ऐकून कोणाला झोप लागते का, पण आधीची सगळी संध्याकाळ नुसत्या अफवांत गेली होती, त्यामुळे कोणीतरी नीट काय ते सांगितलं याचाच आधार वाटला असणार.

शाईपेन

वेगळं मत मांडतो. आठवणी गोड आहेत पण विश्वासाचा प्रश्न धागाकर्त्यांनी शेवटी एका ओळीत विचारलाय, तो खरं तर पहिला हवा. युद्धकाळातली आकाशवाणी म्हणजे सरकारचा आवाज. १९६२ चं चीन युद्ध आठवा. ईशान्येकडचं बोमदिला चिन्यांच्या हाती पडल्यावर १९ नोव्हेंबरला नेहरू रेडिओवर बोलले, आसामच्या लोकांसाठी माझं काळीज तुटतं अशा अर्थाचं, आणि आसामात त्याचा अर्थ "दिल्लीने आपल्याला सोडलं" असा लागला. ती सल तिकडे आजही आहे. त्याआधीचे आठवडे आघाडीवर काय चाललंय ते धड कळतच नव्हतं. म्हणून तर घरोघरी बीबीसी लावत. आमच्या घरी नियम होता, आकाशवाणीने सांगितलं ते ऐकायचं आणि बीबीसीने सांगितलं की मानायचं.

घाटमाथा

@शाईपेन, ६२ बद्दल पूर्ण सहमत. पण ७१ वेगळं होतं हो. ६२ ला लोकांचा धीर आला तो यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून छाती फुगवून सांगतात.

शाईपेन

७१ वेगळं होतं कारण ७१ ला आपण जिंकत होतो. बातमी चांगली असली की खरं बोलायला काय जातंय? रेडिओची परीक्षा वाईट बातमीच्या दिवशी होते.

सागरगोटा

@शाईपेन, वाईट बातमीचा दिवस ७१ मध्येही आला होता, मी सांगते.

माझा मामा नौदलात होता, मूळ आम्ही मालवणकडचे, आमच्या वाडीतली बरीच मुलं नेव्हीत. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, निर्घात, निपात आणि वीर, ती बातमी आली तेव्हा वाडीत गूळ वाटला. ४ डिसेंबर नौदल दिन झाला तो त्याच रात्रीमुळे. आणि मग ९ तारखेला दीवच्या जवळ आपली युद्धनौका खुखरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता जहाजाबरोबर गेले. मामा दुसऱ्या बोटीवर होता, पण आजीला कुठली बोट ते माहीतच नव्हतं, कारण पत्रात बोटीचा ठावठिकाणा लिहायला परवानगी नसायची. त्यानंतर तिने रेडिओसमोरून उठणं सोडलं. मराठी बातम्या, हिंदी बातम्या, इंग्रजी एक अक्षर कळत नसताना रात्री नऊच्या इंग्रजी बातम्यासुद्धा, नुसतं बोटीचं नाव कानावर पडतंय का म्हणून. तिच्याकडे बीबीसी ऐकून ताडून बघायची सोयच नव्हती. शेजारच्या काकूंनी त्या दिवसांत तिला जेवायला घातलं, आणि मामाचं पत्र आलं ते युद्ध संपल्यावर.

तुमचा मुद्दा खोटा नाही. पण त्या बाईसाठी सरकारी रेडिओ हा एकच धागा होता मुलापर्यंतचा, हे पण लिहून ठेवावंसं वाटलं.

चकलीबाई

सागरगोटा, वाचून डोळे भरले गं. मामा आहेत का?

सागरगोटा

गेला मागच्या वर्षी, नव्वदीत. शेवटपर्यंत बातम्यांच्या वेळी कोणी बोललेलं त्याला खपायचं नाही.

व्हॉल्व्ह

तांत्रिक बाजू मांडतो, मी रेडिओ दुरुस्तीत आयुष्य घातलंय.

युद्धात रेडिओ स्टेशन हा शत्रूला दिवा असतो. विमानाला दिशा शोधायचं यंत्र असतं, ते कुठल्याही ताकदवान मिडीयम वेव्ह केंद्रावर लावलं की केंद्र कुठल्या दिशेला आहे ते कळतं. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर निघालेल्या जपानी विमानांनी होनोलुलूच्या साध्या गाण्याबजावण्याच्या स्टेशनचा असाच उपयोग केला. म्हणून १ सप्टेंबर १९३९ ला बीबीसीने आपले निरनिराळे प्रादेशिक कार्यक्रम बंद केले आणि सगळ्यांचा मिळून एकच होम सर्व्हिस केला, सगळीकडचे ट्रान्समीटर मोजक्या सामायिक तरंगलांब्यांवर, म्हणजे विमानाला एकाच वेळी अनेक दिशांनी तोच आवाज येणार आणि कुठलं शहर जवळ आहे ते कळणार नाही. टीव्ही तर त्यांनी त्याच दिवशी बंद केला. हवामानाचा अंदाजही युद्धभर रेडिओवर नाही, कारण तो जर्मनांनाही ऐकू गेला असता. आता विचार करा, ज्या देशात माणूस माणसाला भेटला की आधी हवेबद्दल बोलतो तिथे रेडिओ हवेबद्दल गप्प!

त्यामुळे चकलीबाईंच्या आईंनी डायलवर टॉवेल टाकला ते योग्यच, पण विमानाच्या दृष्टीने डायलपेक्षा ट्रान्समीटर धोक्याचा :)

मांडवी

गोव्याकडून हजेरी. ७१ च्या दहा वर्षं आधी आमच्याकडे रेडिओचं वेगळंच युद्ध चाललं होतं. पोर्तुगीजांचं सरकारी रेडिओ केंद्र एमिसोरा द गोवा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांचं भूमिगत केंद्र, व्हॉइस ऑफ फ्रीडम. २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालं, आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकहून. दोघं जंगलात राहून, पोर्तुगीज आणि कोंकणीत बातम्या द्यायची, लिस्बनचा खोटेपणा खोडून काढायची, गोव्यात घराघरात दारं लावून लोक ऐकायचे. सहा वर्षं केलं त्यांनी हे! डिसेंबर १९६१ मध्ये बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर भारतीय विमानदलाने हल्ला केला आणि एमिसोरा बंद पडलं. मुक्तीनंतर लिबियाबाई विमानातून पणजीवर फिरल्या आणि गोवा मुक्त झाल्याचं लाऊडस्पीकरवरून सांगितलं. २०२५ मध्ये शंभरी पार केल्यावर त्यांना पद्मश्री मिळाली.

@शाईपेन, विश्वास म्हणाल तर लोक त्या केंद्रावर विश्वास ठेवायचे कारण ऐकताना पकडलं गेलं तर तुरुंग होता. जीव धोक्यात घालून ऐकलेली बातमी माणूस वेगळ्या कानाने ऐकतो.

मुगभाट

मांडवी, क्या बात! मग आमच्या गिरगावचं पण सांगायलाच हवं. अवांतर वाटेल पण दुसऱ्या महायुद्धातली मुंबई म्हणजे घरची आघाडीच की.

ऑगस्ट ४२, नेते सगळे तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. विल्सन कॉलेजात शिकलेली उषा मेहता नावाची २२ वर्षांची मुलगी आणि तिचे सोबती, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी, यंत्रसामग्रीला शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने, मागे राम मनोहर लोहिया, यांनी काँग्रेस रेडिओ उभा केला. पहिलं प्रसारण २७ ऑगस्टला चौपाटीजवळून. ४२.३४ मीटर्सवर, "भारतात कुठून तरी" अशी घोषणा. पोलीस मागावर असल्यामुळे जागा सारखी बदलायची. चिमूर-आष्टीचे अत्याचार, जमशेदपूरचा संप, चितगावचा बॉम्बहल्ला, या बातम्या लोकांना तिथून कळल्या. सरकारी ऑल इंडिया रेडिओला ते अँटी इंडिया रेडिओ म्हणायचे. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत पोलिसांनी दारं फोडली तेव्हा वंदे मातरम लागलेलं होतं, पोलिसांनी बंद करायला सांगितलं आणि उषाबेननी ते संपेपर्यंत बंद केलं नाही. त्यांच्यातल्याच एका तंत्रज्ञाने फितुरी केली होती. चार वर्षं शिक्षा झाली, येरवड्याला होत्या.

तीन महिनेसुद्धा चाललं नाही ते केंद्र. पण माझे आजोबा मरेपर्यंत त्या आवाजाबद्दल बोलायचे. मला त्या वाडीवरून जाताना अजून अंगावर काटा येतो.

शाईपेन

मुगभाट आणि मांडवी, हे दोन्ही प्रतिसाद म्हणजे माझाच मुद्दा. लोकांनी जीव लावला तो सरकारने न सांगितलेल्या बातमीला. अजून एक उदाहरण, मुंबईचंच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट. दारूगोळा, कापूस, सोन्याच्या विटा, सगळं एकाच जहाजात. शेकडो माणसं मेली, मशीद बंदरचा भाग जळत होता, शिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. आणि बाहेरच्या जगाला तपशीलवार बातमी कोणी दिली? दुसऱ्या दिवशी रेडिओ सायगावने, जे जपान्यांच्या ताब्यात होतं! आपल्याकडच्या वार्ताहरांना बातमी पाठवायची परवानगी मे महिन्यात मिळाली. ज्या माणसाच्या घराची खिडकी फुटली त्याने खिडकी का फुटली ते शत्रूच्या रेडिओवरून ऐकायचं.

मुगभाट

हो, आजोबा याबद्दल पण बोलायचे, सगळं शहर रस्त्यावर आणि रेडिओवर गाणी.

निळी_शाई

@शाईपेन पटलं. पण मग लंडन बघा. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री बीबीसीच्या इमारतीवरच बॉम्ब पडला, आत सात माणसं मेली, नऊच्या बातम्या चालू होत्या, ब्रूस बेलफ्रेज वाचत होते. श्रोत्यांना एक धप्प आवाज आला आणि ते क्षणभर थांबून पुढे वाचत राहिले. आणखी एक, शांततेच्या काळात तिथे निवेदकाने नाव सांगायची पद्धत नव्हती, युद्धात सांगायला लागले, कारण शत्रूने नकली बातम्या दिल्या तर लोकांना आवाज आणि नाव ओळखू यावं. म्हणजे सेन्सॉर तिथेही होता, पण आपला माणूस कोण हे कळण्याची सोय केली होती. विश्वास हा आवाजाच्या ओळखीतून पण येतो.

पानगळ

लंडनचा विषय निघालाच आहे तर आपल्या वेणू चितळे! कोणालाच कशा आठवल्या नाहीत? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या, शिकायला इंग्लंडला गेल्या, युद्धात बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम केलं. १९४२ ला बीबीसीचं मराठी प्रसारण सुरू झालं, ऑर्वेलने लिहिलेली साप्ताहिक वार्तापत्रं मराठीतून जायची. आणि तिथल्या गृहिणींसाठी बातम्यांनंतर सव्वाआठला किचन फ्रंट नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम असायचा. रेशनमध्ये मिळतं त्यात घर कसं चालवायचं हे सांगणारा, कारण ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, डुकराचं मांस मोजून मिळायला लागलं होतं. वेणूताईंनी त्यात भारतीय शाकाहारी पदार्थ सांगितले! शिरोळची बाई लंडनच्या बायकांना युद्धात मांसावाचून जेवण कसं चवदार करायचं ते शिकवतेय. मला हे चित्र फार आवडतं.

धागाकर्त्यांचा मधल्या तासांचा मुद्दा यात बरोबर बसतो. चर्चिलचं भाषण ऐकून घरात चूल पेटत नाही, सव्वाआठच्या कार्यक्रमाने पेटते.

चकलीबाई

पानगळ +१००. वेणू चितळेंवर वेगळा धागा काढा ना प्लीज.

आणि हो, आमच्याकडे वनिता मंडळ हा बायकांचा कार्यक्रम लागायचा दुपारी. आईचं सगळं काम आटपून ती विणायला बसायची. त्या डिसेंबरात चाळीतल्या सगळ्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. आधी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी कपडे गोळा केले होते. पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं ते आठवतंय का कोणाला, निर्वासित मदतीचं?

एक_वाचक

होय, नोव्हेंबर ७१ पासून. पोस्टकार्ड टाकतानासुद्धा एक कोटी निर्वासितांची आठवण व्हायची.

न्यूजर्सीकर

मी इथे बंगाली शेजाऱ्यांकडून जे ऐकलं ते लिहितो. आपण मुंबईत बसून "युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं" म्हणतो, त्यांच्यासाठी ते मार्चपासून होतं आणि रेडिओवरच होतं. ७ मार्चला शेख मुजीबांची प्रचंड सभा झाली, ढाका रेडिओला ते थेट प्रक्षेपण करू दिलं नाही, तर कर्मचाऱ्यांनी काम बंद पाडलं, शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी भाषण लावावंच लागलं. २६ मार्चला चितगावच्या काळूरघाटातून स्वाधीन बांगला बेतार केंद्र सुरू झालं, त्यावर विमानांनी बॉम्ब टाकले, मग ती माणसं ट्रान्समीटर घेऊन सीमेकडे, आणि २५ मे पासून कलकत्त्याच्या बालीगंजमधल्या एका घरातून, भारताने दिलेल्या ५० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवर. स्टुडिओ म्हणजे खोली, आवाज बाहेरचा येऊ नये म्हणून दाराखिडक्या लावलेल्या. एम. आर. अख्तर मुकुल रोज चरमपत्र नावाचा कार्यक्रम करायचे, ढाक्याच्या बोलीत पाकिस्तानी फौजेची यथेच्छ टर उडवायचे. शेजारचे काका तेव्हा कॉलेजात होते, छावणीत एका ट्रान्झिस्टरभोवती पन्नास माणसं बसायची म्हणाले, उपाशीपोटी हसायची.

आणि आकाशवाणी कलकत्त्यावर देबदुलाल बंद्योपाध्याय! संबाद परिक्रमा हा बातम्यांवरचा कार्यक्रम वाचायचे ते. काका अजून त्यांची नक्कल करून दाखवतात आणि नक्कल करता करता त्यांचा गळा दाटतो. म्हणजे @शाईपेन, तेच सरकारी केंद्र, पण सीमेपलीकडच्या माणसाला ते जीव धोक्यात घालून ऐकण्याचं केंद्र होतं.

शाईपेन

हे मला मान्य करायलाच हवं. कोण ऐकतंय यावर पण रेडिओ काय आहे ते ठरतं. पण खुखरीची बातमी आजीला वेळेवर आणि नीट मिळायला हवी होती, यावर मी ठाम आहे.

सागरगोटा

त्यावर मी पण.

रानवारा

क्रिकेटवाले कुठे आहेत? त्याच ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ काढल्या, वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला इंग्लंडात हरवलं, ते याच ट्रान्झिस्टरवर ऐकलं होतं सगळ्यांनी. आणि डिसेंबरात युद्ध चालू असताना गावसकर, बेदी, इंजिनियर हे ऑस्ट्रेलियात शेष विश्व संघात खेळत होते, त्याच संघात झहीर अब्बास आणि इंतिखाब आलम! एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसून दोन्ही देशांच्या बातम्या ऐकत असतील. काय वाटत असेल त्यांना.

एक_वाचक

अहो अवांतर किती :) पण भारी आठवण.

व्हॉल्व्ह

आता मूळ प्रश्नाकडे. दिवस लावायचा तर साचा असा धरू. सकाळी आकाशवाणीची ती धून, वंदे मातरम, मंगलवाद्य, भक्तिगीतं, बातम्या. दुपारी वनिता मंडळ. संध्याकाळी कामगारसभा, ग्रामीण कार्यक्रम, विविध भारतीवर फौजी भाइयोंसाठी जयमाला. रात्री नऊला इंग्रजी बातम्या. ३ तारखेच्या संध्याकाळपर्यंत हे सगळं नेहमीसारखं असणार आणि मग ते मोडणार. माझ्या मते खरी गोष्ट ४ तारखेच्या सकाळी आहे. रात्री पंतप्रधानांनी युद्ध सांगितलं, आणि सकाळी तीच धून, त्याच वेळेला. लोकांनी घड्याळं त्यावर लावली, पोरं शाळेला गेली की नाही, दूध आलं की नाही, हे त्यानंतर.

जुनी_तबकडी

व्हॉल्व्ह, हेच हेच! १६ तारखेचं पण असंच लावायला हवं. दुपारी ४ वाजून ३१ मिनिटांनी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानी सेनापती नियाझींनी आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली, आणि संध्याकाळी इंदिराबाईंनी लोकसभेत सांगितलं की ढाका आता स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे. त्याआधीचे काही दिवस आपले लष्करप्रमुख माणेकशा यांचे पाकिस्तानी सैनिकांना शरण या म्हणून संदेश रेडिओवरून जात होते, म्हणजे त्याच लहरींवर घरात आपण आणि खंदकात ते, दोघंही ऐकत होतो. त्या संध्याकाळी कुठला कार्यक्रम थांबवून ही बातमी आली, कोणाच्या घरी कोण काय करत होतं?

एक विनंती. घरात पंच्याहत्तरीच्या पुढची माणसं असतील तर फोनवर रेकॉर्ड करून घ्या. "युद्धाचं काय आठवतं" असं विचारू नका, त्यावर सगळे शाळेच्या पुस्तकातलं सांगतात. रेडिओ कुठल्या खोलीत होता, बटण कोण फिरवायचं, कुठल्या बातम्यांना घरात बोलायला बंदी होती, सेल संपले तर काय करायचे, हे विचारा. मग आपोआप पुढचं येतं.

घाटमाथा

विचारलं वडिलांना काल रात्री, तुमच्या पद्धतीने. आमचं गाव सातारा भागातलं, दर दोनचार घरांआड एक फौजी, बहुतेक सगळे मराठा लाइट इन्फंट्रीत. गावात रेडिओ मोजके, एक ग्रामपंचायतीचा. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं सुरू केली होती, तेव्हापासून चावडीवर एकत्र बसून रेडिओ ऐकायची सवय लागलेली. त्या डिसेंबरात शेतीचा कार्यक्रम संपला तरी कोणी उठायचं नाही. रब्बीची ज्वारी उभी होती, रात्री पाण्याच्या पाळीला जायचं असायचं, पण बातम्या झाल्याशिवाय माणूस हलायचा नाही.

वडील म्हणाले १६ तारखेला बातमी आली तेव्हा चावडीवर ओरडा झाला, कोणीतरी हलगी आणली. आणि त्यात फौजींच्या घरच्या बायका पुढे येऊन विचारत होत्या की बातमीत आपल्या पलटणीचं नाव आलं का. वडील तेव्हा मॅट्रिकला, गावात चांगलं हिंदी त्यांना आणि मास्तरांना येत होतं. पुढच्या बातम्यांना त्या दोघांना रेडिओच्या अगदी शेजारी बसवलं आणि जे काही ऐकू येईल ते शब्द न गाळता मोठ्याने सांगायला लावलं. रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं झालंय, आवाज बरा आहे. कुठे चढवू?

जुनी_तबकडी

घाटमाथा, आधी एक कॉपी स्वतःकडे ठेवा आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लगेच सांगतो. नागपूर केंद्राचं कोणी आहे का इथे? विदर्भातून अजून एकही प्रतिसाद नाही.